चौकडी जमायला लागलेली वर्षं

ऑगस्ट २००१ मध्ये ऑस्लोच्या 'रेनबो' स्टुडिओत चार पोलिश वादकांनी एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. ट्रम्पेटवर तोमाश स्तान्को होता, वय एकोणसाठ. पियानोवर मार्चिन वाशिलेव्स्की, डबल बासवर स्वावोमिर कुर्केविच आणि ड्रमवर मिहाउ मिश्केविच. तिघंही पंचविशीच्या आसपासचे. पुढच्या वर्षी तो अल्बम 'सोल ऑफ थिंग्ज' या नावानं बाहेर आला. त्यात तेरा रचना आहेत आणि एकीलाही स्वतंत्र नाव नाही, नुसते एकपासून तेरापर्यंतचे आकडे. नंतरची काही वर्षं ही चौकडी युरोपभर आणि अमेरिकेत फिरली आणि जाईल तिथल्या वर्तमानपत्रांना एक आयती गोष्ट मिळत गेली: बुजुर्ग उस्ताद, सोबत तीन गुणी पोरं, एका पिढीनं दुसरीच्या हाती सोपवलेला वारसा. गोष्ट गोड आहे, वाचायलाही बरी वाटते. पण स्तान्कोचं आयुष्य आणि त्याच्या रेकॉर्डी शेजारी ठेवून पाहिल्या की ती उलटी दिसू लागते. या व्यवहारात देण्याची बाजू तरुणांकडे जास्त होती. तारुण्याचा जोश वगैरे जे म्हटलं जातं ते त्यात फारसं नव्हतं. त्यांनी दिला तो वेळ. एकत्र घालवलेली, सलग वर्षं. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर येईपर्यंत स्तान्कोला ती धडपणे कधी मिळालीच नव्हती, आणि त्याचं उत्तरायुष्यातलं उत्तम संगीत त्या वर्षांमधून आलं, असं माझं म्हणणं आहे.

हे पटायचं तर जॅझमध्ये नेमकं काय घडवलं जातं ते पाहायला हवं. कागदावर लिहिलेली चाल बहुधा मिनिटभराची असते. ती एकदा वाजवून झाली की उरलेली सात-आठ मिनिटं वादकांनी तिथल्या तिथे उभी करायची. आपल्याकडच्या श्रोत्याला यात नवल नाही. बंदिश दोन ओळींची आणि ख्याल अर्ध्या तासाचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. फरक आहे तो माणसांच्या नात्यात. ख्यालाच्या मैफलीत मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य गुरुजी थांबले की दोन सूर लावतो, त्यांच्याच वाटेवर चार पावलं चालतो आणि पुन्हा गप्प होतो. वाट बदलायची त्याला मुभा नसते, त्यानं ती घ्यावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. जॅझच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौकडीत, पियानोवाल्यानं एक अनपेक्षित स्वरसंगती टाकली की ट्रम्पेटवाल्यानं आधीच लावून ठेवलेल्या सुराचा रंग पालटतो. ड्रमवाल्यानं ठेका सोडून नुसती झांज घासायला घेतली की सगळ्यांच्या पायाखालची लय विरघळते. म्हणजे वयानं आणि नावानं मोठा असलेला माणूस पदोपदी धाकट्यांच्या हातात असतो. ते हात ओळखीचे असले तर तो धाडस करतो. अनोळखी असले तर सर्वांना पाठ असलेल्या चाली वाजवून वेळ निभावून नेतो. नामवंत वादकानं एकट्यानं परदेशी जायचं, तिथलेच तीन साथीदार घ्यायचे आणि दुपारी तासभर तालीम करून रात्री कार्यक्रम उरकायचा, ही जॅझमधली जुनी आणि स्वस्तात पडणारी रीत आहे. तीत गैर काही नाही, पण तिच्यातून नवं संगीत क्वचितच निघतं. त्यासाठी तीच माणसं, त्याच चाली, रोज वेगळं गाव आणि पुष्कळ रात्री लागतात. दौऱ्यावर जाणारा गट तयार माल पोचवायला निघालेला नसतो. त्याचा माल वाटेतच तयार होत असतो.

स्तान्कोचा जन्म ११ जुलै १९४२ चा, पोलंडच्या आग्नेय भागातल्या झेशूफ शहरातला. महायुद्धानंतर देशात कम्युनिस्ट राजवट आली आणि स्टालिनच्या हयातीत जॅझ म्हणजे अमेरिकी भांडवलशाहीचा संसर्ग ठरला. हौशी मंडळी तो घराच्या बंद खोल्यांत वाजवत. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओवर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला, १९५६ मध्ये राजवटीची पकड जरा सैल झाली आणि मार्च १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं पाठवलेलं डेव्ह ब्रुबेकचं क्वार्टेट पोलंडमधल्या शहरांतून वाजवत गेलं. पंधरा वर्षांच्या स्तान्कोनं ऐकलेली पहिली जॅझ मैफल हीच. परदेशातून आलेला एक गट ऐकणाऱ्याचं आयुष्य कुठल्या कुठे नेऊन सोडू शकतो, हे त्याला श्रोता म्हणून आधी कळलं. पुढे क्राकोवमध्ये शिकत असताना १९६२ मध्ये त्यानं पियानोवादक आदाम माकोविचबरोबर 'जॅझ डॅरिंग्ज' हा गट काढला. ठरलेल्या स्वरसंगतींचा पिंजरा सोडून वाजवण्याचे ऑर्नेट कोलमनचे अमेरिकेतले प्रयोग युरोपात आधी उचलणाऱ्यांमध्ये या गटाचं नाव घेतात. वर्षभरातच क्शिश्तोफ कोमेदानं त्याला आपल्या क्विन्टेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या गटात, घेतलं.

कोमेदा त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा. शिक्षणानं कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखान्यात बभ्रा होऊ नये म्हणून जॅझपुरतं 'कोमेदा' हे नाव त्यानं घेतलं आणि पुढे तेच उरलं. रोमन पोलान्स्कीच्या 'नाइफ इन द वॉटर' आणि 'रोझमेरीज बेबी' या चित्रपटांचं संगीत त्याचं. डिसेंबर १९६५ मध्ये त्याच्या क्विन्टेटनं 'ॲस्टिग्मॅटिक' ध्वनिमुद्रित केला. युरोपातल्या जॅझनं अमेरिकेचं बोट कुठं सोडलं, असा विषय निघाला की आजही बहुतेकांना हीच रेकॉर्ड आठवते. स्तान्को तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तरुण साथीदार असणं म्हणजे काय हे त्यानं मितभाषी कोमेदाच्या शेजारी उभं राहून अनुभवलं होतं. वारशाची गोष्ट सांगणाऱ्यांना हा भाग फार आवडतो, कारण साखळी पुरी होते: कोमेदाकडून स्तान्कोकडे, स्तान्कोकडून पोरांकडे. प्रत्यक्षात साखळी तुटल्याचीच नोंद जास्त आहे. १९६८ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये पडून कोमेदाच्या डोक्याला मार बसला आणि एप्रिल १९६९ मध्ये, अडतिसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, तो वॉर्सात गेला. स्तान्कोनं स्वतःचं क्विन्टेट बांधलं, त्याची पहिली रेकॉर्ड कोमेदाला वाहिली; १९७३ मध्ये तेही मोडलं. त्यातला व्हायोलिनवादक झ्बिग्न्येव सायफर्ट १९७९ मध्ये, जेमतेम बत्तीस वर्षांचा असताना, कर्करोगानं गेला. फिनलंडचा ड्रमवादक एडवर्ड वेसाला याच्याशी सूर जुळले, डिसेंबर १९७५ मध्ये दोघांनी मिळून 'बालादिना' ही अप्रतिम रेकॉर्डही केली, पण एक वॉर्सात आणि दुसरा हेलसिंकीकडे असा तो संसार. त्यातून परदेशचे कार्यक्रम 'पागार्ट' या सरकारी संस्थेमार्फत ठरायचे आणि दौऱ्याहून परतल्यावर पासपोर्ट सरकारजमा व्हायचा. डिसेंबर १९८१ मध्ये तर देशात लष्करी कायदा आला. अशा परिस्थितीत उत्तम वादक निपजू शकतात, निपजलेही. गट मात्र टिकत नाहीत.

या तुटक प्रवासातला एक मुक्काम आपल्या घराजवळचा आहे. १९८० मध्ये स्तान्कोचा एक अल्बम निघाला, नुसत्या ट्रम्पेटचा. तो ध्वनिमुद्रित झाला होता आग्र्याच्या ताजमहालात आणि लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांत. एकवीरेच्या दर्शनाला गेलेल्या कुणीही कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलेलं असतं: दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप, वर कमानदार छताला चिकटून राहिलेल्या प्राचीन लाकडी फासळ्या आणि प्रकाश काय तो दर्शनी बाजूनं. इथं फुंकलेला सूर लगेच मरत नाही. खांबांमागच्या पडवीतून फिरून, कडा जरा बोथट होऊन, तो वाजवणाऱ्याकडे परत येतो. त्यामुळे घाईनं वाजवून चालत नाही. मागचा सूर पुरता विरायच्या आत पुढचे चार सोडले तर सगळ्याचा गलका होतो. सूर सोडायचा, थांबायचं, परत आलेल्या सुरावर पुढचा ठेवायचा, एवढाच मार्ग उरतो. या रेकॉर्डकडे पूर्वेच्या गूढाची भूल म्हणून पाहणारे लोक आहेत. त्या भाबडेपणाचा थोडा वास तिला आहेही. पण मला ती गट नसलेल्या माणसानं शोधलेली साथ वाटते. थांबायला शिकवणारी साथ म्हणून दगड उत्तम. त्याचा दोष एकच, की तो आपलंच आपल्याला परत देतो.

थांबण्याची ही सवय पुढे त्याला वेगळ्या कारणानंही लागली. ट्रम्पेट हे वयाशी वैर धरणारं वाद्य आहे. सूर पितळेत जन्मत नाही, ओठांत जन्मतो. ओठ मिटून त्यांच्या फटीतून श्वास दाबून सोडला की ते थरथरतात आणि ती थरथर नळीत जाऊन मोठी होते. तीन खटके नळीची लांबी बदलतात, एवढंच त्यांचं काम. खटके तेच ठेवून खालचा सूर काढायचा की वरचा, हे ओठांच्या ताणावर आणि श्वासावर ठरतं. त्या ओठांना मागून टेकू असतो तो पुढच्या दातांचा. १९९० च्या दशकात स्तान्कोचे दात गेले. पन्नाशीतल्या ट्रम्पेटवादकाच्या बाबतीत याचा अर्थ सहसा निवृत्ती असा होतो. त्यानं एका कुशल दंतवैद्याच्या मदतीनं कृत्रिम दातांवर ओठांची ठेवण नव्यानं बसवली आणि एकेक लांब सूर धरून ठेवण्याचा, त्याच्या स्वतःच्या मते कमालीचा कंटाळवाणा, रियाज तासन्‌तास केला. आपल्याकडच्या खर्जाच्या साधनेच्याच जातीचं हे काम, फक्त उतारवयात आणि पहिल्या इयत्तेपासून. दारू आणि अमली पदार्थही मागे पडले. त्याबद्दल तो नंतर आत्मकथनपर मुलाखतींच्या पुस्तकात आडपडदा न ठेवता बोलला आहे. सूर त्याचा पहिल्यापासून खडबडीतच होता. या दुरुस्तीनंतर त्या खडबडीतपणात काटकसर आली: सुरुवातीला हवेचा फुसकारा, मग कडेला खरखर असलेला एक लांब सूर, अचानक वर झेपावणारी ओबडधोबड तान, आणि पुन्हा काही नाही. इतकं कमी वाजवणाऱ्या माणसाला चमकदार साथीदार नकोच असतात. मोकळी सोडलेली जागा किती वेळ मोकळी ठेवायची, हे ज्यांना न सांगता कळतं असे साथीदार त्याला लागतात.

या काळात त्याच्याकडे एकाच वेळी दोन गट होते, आणि माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथं होते. पहिला गट नावाजलेल्यांचा. स्वीडनचे पियानोवादक बोबो स्टेन्सन आणि बासवादक आंदेर्श योर्मिन, इंग्लंडचा ड्रमवादक टोनी ऑक्सली. जॅझच्या जगात यांची ओळख करून द्यावी लागत नाही. म्युनिकच्या 'ईसीएम' या कंपनीसाठी या गटानं 'मात्का योआन्ना' (१९९५) आणि 'लेओशिया' (१९९७) हे अल्बम केले. दुसरा गट घरच्या पोरांचा. वाशिलेव्स्की आणि कुर्केविच हे दोघं बाल्टिक किनाऱ्याजवळच्या कोशालिन शहरात संगीताच्या शाळेत एकत्र शिकले आणि शाळकरी वयातच त्यांनी त्रयी बांधली. मिश्केविच सॅक्सोफोनवादकाचा मुलगा. तो १९९३ मध्ये त्रयीत आला तेव्हा अजून सज्ञानही झाला नव्हता. यांची पहिली रेकॉर्ड १९९५ ची, आणि ती चक्क कोमेदाच्या चालींची होती. ज्याच्या मृत्यूनंतर सहा-आठ वर्षांनी आपण जन्मलो, त्या माणसाचं संगीत ही मुलं रेकॉर्डींवरून शिकून बसली होती. स्तान्कोनं याच सुमारास त्यांना आपल्या पोलंडमधल्या कार्यक्रमांसाठी घेतलं. तेव्हापासून 'सोल ऑफ थिंग्ज'च्या ध्वनिमुद्रणापर्यंत सहा-सात वर्षं गेली. इतकी वर्षं हा गट परदेशी श्रोत्यांना जवळजवळ ठाऊक नव्हता. बाहेर नाव स्टेन्सन-ऑक्सलीच्या गटाचं, घरी मुरत होता तो हा.

सुट्या सुट्या वादकांचं मोजमाप केलं तर पहिला गट सरस ठरेल, याबद्दल वाद नाही. 'लेओशिया' ही स्तान्कोच्या सर्वोत्तम रेकॉर्डींपैकी एक आहे असं मानणाऱ्यांशी भांडायचं कारणही मला दिसत नाही. पण ती ऐकताना चार पक्क्या मतांची माणसं एका टेबलाशी बसल्याची जाणीव सुटत नाही. प्रत्येकाचं स्वतःचं घराणं, स्वतःचे गट, स्वतःची पुढच्या दोन वर्षांची डायरी. ही माणसं एकत्र येत, उत्तम वाजवत आणि आपापल्या देशी परतत. 'सोल ऑफ थिंग्ज'मध्ये ट्रम्पेटचं वाक्य संपलं कुठं आणि पियानोचं सुरू झालं कुठं, हे सांगताना अडखळायला होतं. तेरा रचनांना नावं नाहीत यालाही मी यामुळेच फार मोठी कल्पकता मानत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या एकाच बोलण्याचे ते तेरा तुकडे आहेत. नावं द्यायची झाली असती तर ओढूनताणून द्यावी लागली असती. पन्नाशीतला प्रस्थापित वादक, कितीही मनात असलं तरी, दुसऱ्याच्या गटाला सात-आठ वर्षं देऊ शकत नाही. विशीतला देऊ शकतो. आणि पोलंडमधला विशीतला वादक ती मोकळेपणानं देऊ शकेल, देशाबाहेरही देऊ शकेल, अशी वेळ प्रथमच आली होती. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा ही मुलं बारा-चौदा वर्षांची होती. पासपोर्ट परत करण्याची सक्ती त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल तेवढीच. मे २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला, तेव्हा तर गट ऐन भरात होता. स्तान्कोच्या पिढीतल्या तितक्याच गुणी वादकांना ही सोय इतिहासानं दिली नव्हती.

यावर एक आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो हलका नाही. हा गटाचा वगैरे काही महिमा नसून 'ईसीएम'चा संस्थापक आणि निर्माता मानफ्रेड आयशर याच्या आवडीचा परिणाम आहे, असं ते म्हणतात. लांब घुमणारा आवाज, संथ चाली, धूसर मुखपृष्ठं. या कारखान्यात गेलेला कोणीही असाच वाजू लागतो. त्यातही एके काळचा बंडखोर, अमेरिकेच्या पियानोवादक सेसिल टेलरबरोबर वाजवून आलेला स्तान्को इथं येऊन माणसाळला. आक्षेपाचा पहिला भाग तपासायला सोपा आहे, कारण स्टेन्सन-ऑक्सलीचा गटही याच कंपनीत, याच निर्मात्याच्या हाताखाली वाजला होता. कंपनी तीच असून दोन गट इतके वेगळे ऐकू येत असतील तर फरक वादकांमधला मानावा लागतो. दुसऱ्या भागाचं उत्तर चौकडीच्या तीन अल्बममध्ये ओळीनं मिळतं. पहिला जवळजवळ संपूर्ण संथ चालींचा आहे, हे कबूल. २००४ मध्ये आलेल्या 'सस्पेंडेड नाइट'मध्ये एका गाण्यामागे नुसते आकडे दिलेल्या दहा रचना आहेत आणि तिथं लय जास्त चपळ, ड्रम जास्त धीट झाले आहेत. नोव्हेंबर २००५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'लोन्तानो'मध्ये तर त्याच नावाच्या तीन लांबलचक रचना चौघांनी मिळून, हाती काही लिहिलेलं न घेता उभ्या केल्या आहेत. ज्या मुक्त वादनापासून स्तान्को दूर गेला असं म्हटलं जात होतं, तिकडेच हा गट पाच वर्षांत वळला. धाकट्यांनी त्याला माणसाळवलं असतं तर प्रवास उलट दिशेनं व्हायला हवा होता.

'लोन्तानो'वर आणखी दोन रचना आहेत ज्यांच्यापाशी थांबावंसं वाटतं. एक कोमेदाची 'काटोर्ना', जी स्तान्कोनं तेविसाव्या वर्षी 'ॲस्टिग्मॅटिक'वर वाजवली होती. दुसरी त्याची स्वतःची 'टेल', अल्बममधली शेवटची. ती मूळची 'बालादिना'वरची, म्हणजे डिसेंबर १९७५ ची. वाशिलेव्स्की आणि कुर्केविच दोघांचंही जन्मसाल १९७५. आपल्या वयाची चाल वाजवताना या मुलांनी 'बालादिना'मधल्या बासवादक डेव्ह हॉलंडची किंवा वेसालाची आठवण जागवायचा प्रयत्न केलेला नाही. जुन्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन होता, पियानो नव्हता. इथं पियानोच आहे आणि त्यामुळे चालीच्या खालची जमीन नवी आहे. वारसा जपायचा असता तर मुळाबरहुकूम वाजवणं सोपं होतं. स्तान्कोनं तीस वर्षांपूर्वीची आपली चाल त्यांच्या हवाली केली आणि ती परत येईल तशी घेतली, असं मी याचं वर्णन करीन. दगडाकडून हे होण्यासारखं नव्हतं.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि नावाचा आहे. तरुण वादक दौऱ्यावर कमी मानधनात येतात, कुरकुर करत नाहीत, आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरांत नाव एकाचंच असतं. मग याला सहजीवन का म्हणायचं? जॅझमध्ये ही प्रथा जुनी आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं १९६३ मध्ये टोनी विल्यम्सला ड्रमवर बसवलं तेव्हा विल्यम्स सतरा वर्षांचा होता. ड्रमवादक आर्ट ब्लेकीचा 'जॅझ मेसेंजर्स' हा गट तर पस्तीस वर्षं विशीतल्या वादकांच्या ताज्या भरतीवर चालला. या प्रथेत शोषण नसतंच असं कुणी म्हणू नये. स्तान्कोच्या गटातही कार्यक्रम मिळत ते त्याच्या नावावर. २००२ मध्ये युरोपियन जॅझ प्राइझ मिळालं ते त्यालाच, आणि ही त्रयी बाहेर बराच काळ 'स्तान्कोची पोरं' म्हणूनच ओळखली गेली. कोशालिनच्या शाळेपासून स्वतंत्रपणे वाजवत आलेल्या गटाला हे टोचलं नसेल तर नवल. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. स्तान्कोनं सुटे तीन वादक वेचून आणले नव्हते. आयता जमलेला गट त्यानं न फोडता घेतला, आणि तो सोबत असतानाच २००५ मध्ये त्रयीचा स्वतःचा अल्बम त्याच 'ईसीएम'कडून आला. त्या अल्बममध्ये आइसलंडच्या ब्योर्कचं एक पॉप गाणं आहे, २००८ च्या पुढच्या अल्बममध्ये प्रिन्सचं. स्तान्कोच्या पिढीच्या कानांवर ही गाणी कधी साथीच्या ओघात आली असती असं वाटत नाही. म्हणजे थोरल्याच्या गटात दहा वर्षं काढूनही त्यांचे कान त्यांचेच राहिले होते, आणि तेच कान घेऊन ती रोज रात्री त्याच्या मागे वाजवत होती.

मग एवढं जमलेलं त्यानं का सोडलं? दशकाच्या अखेरीस त्यानं ते सोडलं, हे खरं आहे. २००९ मध्ये त्यानं 'डार्क आइज' केला तो फिनलंड आणि डेन्मार्कच्या तरुण वादकांबरोबर. नंतर तो बराच काळ न्यूयॉर्कमध्ये राहू लागला. तिथं क्यूबाचा पियानोवादक डेव्हिड व्हिरेलेस, बासवादक थॉमस मॉर्गन आणि ड्रमवर अनुभवी जेराल्ड क्लीव्हर अशी चौकडी त्यानं बांधली. २०१३ मध्ये आलेला तिचा जोडअल्बम त्यानं कवयित्री विस्वावा शिम्बोर्स्का हिच्या स्मरणार्थ केला. 'विस्वावा' हेच त्याचं नाव. मला यात थोडी बेचैनी दिसते आणि थोडा हिशेबही. त्रयी तोवर स्वतःच्या नावानं जग फिरत होती, तिच्याकडे पहिल्यासारखा मोकळा वेळ उरला नव्हता. स्टेन्सन-ऑक्सलीच्या गटातल्या प्रस्थापित वादकांची जी अडचण होती तीच आता तिशी ओलांडलेल्या पोलिश वादकांची झाली. पुन्हा वेळ हवा तर पुन्हा तरुणांकडे जाणं आलं. फक्त आता द्यायला त्याच्याकडे पहिल्याइतकी वर्षं नव्हती. 'विस्वावा' देखणी आहे, व्हिरेलेस तर अनेक जागी थक्क करतो. तरीही 'लोन्तानो'मध्ये जे न बोलता होतं ते इथं पुष्कळदा जपून केल्यासारखं वाटतं. वादकांची कुवत कमी म्हणून नव्हे. रात्री कमी पडल्या म्हणून. याच चौकडीच्या बासवर रूबेन रॉजर्सला घेऊन केलेला 'डिसेंबर अव्हेन्यू' २०१७ मध्ये आला, जास्त मुरलेला आणि जास्त सहज. पुढच्या वर्षी, २९ जुलै २०१८ ला, फुप्फुसाच्या कर्करोगानं स्तान्को वॉर्सात गेला. ती चौकडी आणखी कुठं जाऊ शकली असती याचा अंदाज 'विस्वावा' आणि 'डिसेंबर अव्हेन्यू' यांच्यातलं अंतर पाहून बांधता येतो.

वाशिलेव्स्कीची त्रयी आजही त्याच तिघांची आहे. २०२० मध्ये तिनं 'आर्क्टिक रिफ' हा अल्बम अमेरिकी सॅक्सोफोनवादक जो लोव्हानो याच्यासोबत केला. लोव्हानो १९५२ चा, म्हणजे या तिघांहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा आणि नावानंही कितीतरी मोठा. मुखपृष्ठावर पहिलं नाव मात्र त्रयीचं आहे आणि थोरला वादक तिच्याकडे पाहुणा म्हणून आलेला आहे.